ओढली की सुटणारी गाठ

एक्स-रेच्या खोलीबाहेर बसलेल्या काकूंचं लक्ष आपल्या मोडलेल्या मनगटावरून केव्हाच उडालं होतं. शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

"वहिनी, कॅम्पिंगला गेलेल्या माणसाचा पाय मोडतो कसा?"

"दादा तुमचे झोळीतून पडले, वन्सं. दोन झाडांना झोळी टांगली होती, वर पावसासाठी ताडपत्री."

"बरं, मग?"

"ताडपत्रीच्या एका टोकाला झाड मिळेना. ते बांधलं गाडीच्या कॅरिअरला. दुसरी दोरी कशाला, म्हणून तीच पुढे झोळीच्या कडीत ओवली."

"गाडीला? अहो, आणि गाडी?"

"सकाळी मी दूध आणायला काढली."

"दादा झोळीत असताना?"

"घोरत होते."

"अरे देवा. मग?"

"मग काय, आले थोडे माझ्यामागून. ताडपत्रीसकट."

आतून काकूंना दुसऱ्यांदा हाक आली. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"वहिनी, खरं सांगा. निघताना दोरी दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली की."

"दिसली?"

"सुरगाठ मारलीय, ओढली की सुटते, असं झोपेपर्यंत ऐकवत होते. मी म्हटलं, अहो, ही निरगाठ दिसतेय. तर म्हणे, तुला गाठीतलं काय कळतं."

"आणि तरी तुम्ही गाडी काढलीत?"

"म्हटलं, एकदा तरी नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून बघावा."