बॉल परत देणारी जाळी

शाळा सोडली म्हणून मला अक्कल शिकवणाऱ्या आमच्या सरपंचभाऊंची गंमत सांगतो. रविवारी जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघाची निवड होती. मी एकटाच सराव करायचो आणि अर्धा वेळ नाल्यात गेलेला बॉल आणण्यात जायचा. म्हणून कोचनं रिंगखाली बांधायची उतरती जाळी पाठवली. बॉल तिच्यावरून घरंगळत आपल्याकडेच येतो. गावाची सगळी पार्सलं उतरतात तसं हेही उतरलं भाऊंच्या घरी, आणि त्यांनी जाळी बांधली मोहाच्या झाडाखाली, फुलं झेलायला!

"भाऊ, जाळी माही हाय."

"तुह्या एका बॉलासाठी? इथी टोपलंभर मोहा पडून राह्यला. मले शिकवतं का?"

बांधली मात्र खोक्यावरचं चित्र पाहून, उतरतीच. पहाटे सगळा मोहा घरंगळत कुंपणाखालून शेजारच्या शांताबाईंच्या अंगणात! बाईंनी दोन टोपल्या भरल्या.

भाऊंनी जाळी माझ्या अंगावर फेकली. "काऊन रे, आधी सांगता येत नव्हतं?"

"तुमी ऐकून घेत होते काय?"

त्या संध्याकाळी बॉल एकदाही नाल्यात गेला नाही. मी मजेत खेळत होतो, तर शांताबाई येऊन उभ्या.

"बाबू, भाऊले जाळी वापस कवा देतं रे?"