भामाबाईंचा तांब्या आणि रोडेलचं यंत्र

अध्यक्षस्थानी विराजमान झालेल्या आदरणीय सुमतीताई, व्यासपीठावरचे आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन अवधूतकाका, करंज्याहून टेम्पो करून पनवेलला आलेली माझी माहेरची माणसं, संगणक केंद्राच्या आजी-माजी विद्यार्थिनी, आणि आजचे सत्कारमूर्ती श्री. रोडेल मगबानुआ! आडनाव घरून पाठ करून आले आहे, टाळी वाजवायला हरकत नाही.

निरोपाच्या कार्यक्रमात बोलणाऱ्याने गहिवरून यावं अशी आपल्याकडे रीत आहे. सुमतीताईंनी मला मघाशी रुमालही देऊन ठेवलाय. पण खरं सांगू? माझ्या जिवाला आज हायसं वाटतंय. हुश्श म्हणावं इतकं. आता तुम्ही म्हणाल, ही दमयंती नाखवा पाहुण्याला निरोप द्यायला आलीय की हाकलायला? जरा दमानं घ्या, सांगते.

रोडेल २००६ साली आपल्याकडे आला तो स्वयंसेवक म्हणून. त्याआधी मनिलामध्ये संगणकांवरच्या एका मासिकात तो लिहायचा. दोन वर्षं आपल्या केंद्रात बायकांना आणि वाडीवरच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा, आणि मग घरी जायचं, असा त्याचा बेत. पण याला पनवेलचं पाणी लागलं, आणि करंज्याचे सुके बोंबील! त्याचं गावही समुद्रकाठचं. पहिल्यांदा आमच्या अंगणात मासळी वाळताना बघितली तेव्हा हा माणूस तिथेच उभा राहून डोळे पुसत होता. माझी आई, भामाबाई, मला म्हणाली, "याला मिरची लागली का गो?" मी म्हटलं, "आये, त्याला घर आठवलं." त्यावर ती म्हणाली, "मग उभा कशाला हाय? जेवायला बसव की."

तेव्हापासून तो आमच्या घरचा. मराठी तो आईकडून शिकला, त्यामुळे पनवेलच्या बँकेत जाऊन साहेबाला "आमचा पासबुक नाय भरला का?" असं विचारतो. साहेब अजून त्याला करंज्याचाच समजतात.

मासिक पुढे बंद पडलं, आणि याने ब्लॉग सुरू केला. माझ्या आईसारख्या मंडळींसाठी सांगते, ब्लॉग म्हणजे इंटरनेटवर स्वतःच्या नावाने चालवलेलं वर्तमानपत्र. संपादक तोच, वार्ताहर तोच, शिपाईही तोच. नवीन फोन, कॅमेरे, यंत्रं बाजारात आली की कंपन्या याच्याकडे पाठवायच्या, हा वापरून बघून लिहायचा, आणि त्यावर याचं पोट चालायचं. सकाळी केंद्रात फुकट शिकवणी, दुपारी लिखाण. मध्येच लोडशेडिंग झालं की गॅलरीत बसून लाइटवाल्यांचा उद्धार, तोही आईच्या भाषेत.

आणि मग ते यंत्र आलं.

एका कंपनीने बोटींसाठी वाट दाखवणारं यंत्र काढलं होतं. छोटंसं, डब्याएवढं. पडद्यावर आपली बोट कुठे आहे ते दिसतं, बंदर कुठल्या दिशेला ते दिसतं. धुकं असो, वादळ असो, घरी आणून सोडणार असा त्यांचा दावा. पाण्याने काही होत नाही, असं खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं. रोडेलने ते आपल्या गॅलरीत लावून पाहिलं, खाडीत एक चक्कर मारून पाहिलं, आणि भरभरून कौतुक लिहिलं. ते ब्लॉगवर आलं. अवधूतकाकांनी वाचलं. झालं! सोसायटीने ठराव केला की हंगाम सुरू झाला की सगळ्या बोटींवर हेच यंत्र बसवायचं, आणि जुनी होकायंत्रं काढून टाकायची. काका, मान खाली घालू नका, हात वर करणाऱ्यांत सगळेच होते.

पहिलं यंत्र बसलं माझ्या भावाच्या, हरेशच्या बोटीवर. दिवस कुठला? नारळी पुनवेचा. आता इथे बसलेल्या शहरी पाहुण्यांसाठी सांगते. बोटीवर नवीन काहीही आलं, जाळं असो, इंजिन असो की साधी बादली, तरी आमच्या घरात रीत आहे: दर्यावर जायच्या आधी दर्याने त्याला भेटायचं. माझी आई तांब्यात समुद्राचं पाणी घेते, हळदकुंकू लावते, आणि तो तांब्या त्या वस्तूवर ओतते. मग वरून नारळाचं पाणी. आईने इंजिनाला आंघोळ घातली, जाळ्याला घातली, आणि "आता तू ये रे बाबा" म्हणत सगळा तांब्या त्या यंत्रावर रिकामा केला. कंपनीचा माणूस फोटो काढत उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं, ते बहुधा यंत्रातच गेलं.

यंत्र चालू होतं बरं का! पडदा दोनदा लुकलुकला, आणि त्याने दाखवलं की आमची बोट चिरनेरच्या डोंगरात उभी आहे. करंज्याच्या धक्क्याला बांधलेली बोट, आणि यंत्र म्हणतंय डोंगरात! हरेश म्हणाला, "आये, आता रानात जाळी टाकू का?" धक्क्यावर हशा पिकला. मग पडदा काळा झाला तो झालाच.

हसली नाही फक्त माझी आई. ती मासळी वाळवायच्या काठ्यांमागे जाऊन बसली. दोन घास जाईनात तिला. "पोराचं यंतर मी मारलं. त्याच्या पोटावर पाय दिला," एवढंच म्हणायची. आणि तिकडे कंपनीचा माणूस रोडेलला सांगत होता की नारळ फोडणं गॅरंटीत येत नाही, बाईंची चूक आहे, दुसरं यंत्र देतो, ही गोष्ट लिहू नका. वर्षभराचं काम तुम्हालाच देणार आहोत.

चार दिवसांनी बोटी निघणार होत्या. याने गप्प बसायचं ठरवलं असतं तर नवी यंत्रं लागणारच होती, कारण अख्ख्या सोसायटीचा याच्या शब्दावर विश्वास होता. आणि पहिला जाणार होता माझा भाऊ. पण कुठल्या तोंडाने सांगायचं याला, की बाबा, तुझं पोट मार आणि लिही? याचं सगळं भाडं-जेवण अशाच कंपन्यांच्या कामावर.

रोडेल आला, थेट काठ्यांमागे गेला आणि आईसमोर मांडी घालून बसला. म्हणाला, "आये, तुजी चूक नाय. मी गॅलरीत बसून लिवलं. गॅलरीत दर्या नाय."

आई म्हणाली, "पण तुजं काम जाईल रं."

"जाऊ दे," तो म्हणाला. "हरेश जायला नको."

माफ करा हं. सुमतीताई, तुमचा रुमाल कामाला आला.

त्याने लिहिलं. आधीचं कौतुक नावानिशी मागे घेतलं. लिहिलं की ज्या यंत्राला एका आईचा तांब्याभर समुद्र सोसत नाही, ते घेऊन कुणी खऱ्या समुद्रात जाऊ नये. कंपनीने काम काढून घेतलं, मागोमाग बाकीच्यांनीही पाठ फिरवली. इकडे सोसायटीने ठराव रद्द केला आणि होकायंत्रं जागच्या जागी राहिली. त्याच साली कार्तिकात वादळ आलं. हरेश बाहेर होता. आम्ही सगळे धक्क्यावर, रोडेलही. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट आली, आजोबांच्या वेळच्या होकायंत्रावर. तो बघा हरेश, मागच्या रांगेत बसून मोबाइल बघतोय. बघू दे. बसलाय हेच खूप आहे.

पण एक सल राहिलाच होता. आमचा मुलगा घरी आला, आणि दुसऱ्या आईचा मुलगा परमुलखात काम शोधत फिरत राहिला. शिकवण्या केल्या, कुणाकुणाच्या वेबसाइट बनवून दिल्या, पण केंद्रातला वर्ग एक दिवस चुकवला नाही. आई तीन वर्षं देवाला एकच गाऱ्हाणं घालत होती. आणि गेल्या महिन्यात मनिलाहून फोन आला. तिथे नवं मासिक निघतंय, यंत्रं तपासून लिहिणाऱ्या विभागाचा प्रमुख म्हणून याला बोलावलंय. का, माहितीय? त्यांनी तो तांब्याचा लेख वाचला होता. म्हणून म्हटलं, आज मला हायसं वाटतंय. आईच्या मनावरचा धोंडा उतरला. याची आईही तिकडे ताट वाढून बसलीय.

आता आभार. सभागृह देणाऱ्यांचे, चहा करणाऱ्यांचे, आणि वर्गणी काढून रोडेलला हा नवा लॅपटॉप देणाऱ्या विद्यार्थिनींचे मनापासून आभार. पण थांबा. मंडळी, माझी आई पहिल्या रांगेतून उठलीय आणि तिच्या पदराखाली काय आहे ते मला सकाळपासून माहीत आहे. अवधूतकाका, आधी तो लॅपटॉप उचला!

नाही? काय म्हणतेस, आये? जरा माइकपाशी बोल.

ती म्हणतेय, "यंतराला नाय ओतत. दर्या ओलांडून माझा पोर चाललाय. त्याला ओतायचंय."

रोडेल, पुढे ये बाबा, मान खाली कर. आणि मायबाप श्रोतेहो, तांब्यातलं पाणी तुमच्या अंगावर उडालं तर पुसून टाका. माझ्या बोलण्यातलं काही उडालं असेल तर तेही त्याच रुमालाने पुसा, आणि मला माफ करा.