कॅरॅव्हॅन इथली की जर्मनीची?

...नाही, पण मी म्हणते, माणसाने विचार तरी किती करावा? काही मर्यादा? लोक लग्नं करतात, मोडतात, दुसरी करतात तेवढ्या काळात! आणि आमच्या घरात जेवताना, भांडताना, अगदी आजारपणातसुद्धा एकच विषय... इथे घ्यायची की पलीकडून आणायची?

कॅरॅव्हॅन हो! गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं ते पांढरं घर. मोटरवेवर आपल्याला घाई असली की नेमकं आपल्या पुढे असतं आणि आपण मागे बसून शिव्या देतो, तेच. आमची ईशानी शाळेत होती तेव्हा तिच्या वर्गातली निम्मी मुलं सुट्टीत त्यात राहून आलेली. ही घरी आली, दप्तर भिरकावलं आणि म्हणाली, "बाबा, आपला पण एक पाहिजे, चाकवाला घर! मी, तू, आई. समुद्राच्या बाजूला झोपायचा." मराठी तिचं असंच, इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत वाढलेलं. पण मागणी स्पष्ट होती की नाही? तिघांनी समुद्राच्या बाजूला झोपायचा. बास. एवढंच हवं होतं पोरीला.

आता यात अवघड काय आहे, तुम्हीच सांगा! घरापासून जरा पुढे गेलं की कीथचं मोठं आवार, विकायच्या कॅरॅव्हॅन ओळीने उभ्या. अवधूत, म्हणजे माझा नवरा, गेला, आत शिरून गाद्या दाबून बघितल्या, कपाटं उघडमिट केली, कीथशी अर्धा तास गप्पा मारल्या, घरी आला, बूट काढले आणि म्हणाला, "अलका, इथे घेणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे."

"का रे?"

"पलीकडे न बघता?"

पलीकडे म्हणजे जर्मनी! आणि हे याच्या डोक्यात भरवलं कुणी? मिहीरने. मिहीर याचा कॉलेजातला मित्र, राहतो तिकडे लंडनला, स्टॅनमोरमध्ये, पण फोनवर असा बोलतो की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "अरे येडा आहेस का अवधूत! जर्मन माल तो जर्मन माल! फेरीबोटीने जायचं, मस्त बिअर प्यायची, गाडीला जोडायची, ओढत आणायची! इथले डीलर तुला कापतात रे, कापतात!" आणि मिहीरच्या स्वतःकडे काय आहे? साधा तंबू नाही! बाहेर गेला की हॉटेलात उतरतो आणि नाश्त्याला गरम पाणी वेगळं मागतो. पण सल्ला? सल्ला जर्मनीपर्यंत!

पण मिहीरला तरी काय बोलायचं! हे आपलं रक्तातच आहे. आपल्या माणसाला जिथे राहतो तिथलं कधी पटलंय? मी कॉव्हेंट्रीला आले तेव्हा सासूबाईंनी बॅगेत कुकर घातला. का? "तिकडे चांगला मिळत नाही." इथे कोपऱ्यावरच्या दुकानात तोच कुकर, तीच कंपनी! आणि आम्ही पुण्याला निघालो की त्यांच्यासाठी साबण, इथला, कारण तिकडे चांगला मिळत नाही! ते साबण अजून कपाटात आहेत, कुणी लावत नाही, नुसते वास घेतात. कुकर पलीकडून, साबण पलीकडून, मग कॅरॅव्हॅन तरी कीथकडची कशी चालेल?

तर सुरू झालं संशोधन. तुम्हाला सांगते, तो माणूस गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. दुसऱ्याने केलेल्यात खोट काढायचा याला पगार मिळतो, घरी ते फुकट करतो. एका रात्री धावत वर आला, मला वाटलं, कुणी गेलं! "अलका, दार! जर्मन कॅरॅव्हॅनचं दार उलट्या बाजूला असतं! तिकडे गाड्या उजवीकडून चालतात ना! इथे आणून रस्त्याकडेला थांबलो की दार वाहनांच्या बाजूला उघडणार. तू चहाचा कप घेऊन उतरलीस की थेट लॉरीसमोर!" मी म्हटलं, मग इथली घे. तर म्हणतो, "असं कसं? इन्सुलेशन बघ ना त्यांचं!" म्हणजे बायको लॉरीखाली गेली तरी चालेल, पण गारठून जायला नको!

दाराचा विचार करण्यात दोन उन्हाळे गेले. ईशानी विचारायची, "बाबा, कधी येणार आपला घर?" "येणार राजा, फक्त एवढं ठरू दे..." काय ठरू दे? तर इथे घ्यायची की पलीकडून आणायची!

आणि मग... आम्ही ठरवत बसलो होतो ना, तेवढ्यात अख्ख्या देशाने ठरवून टाकलं! मतदान झालं, युरोप तिकडे, आपण इकडे. पलीकडचं आणखी पलीकडे गेलं! कस्टम्स आले, कर आले, कागद आले, डोव्हर बंदरावरच्या लॉऱ्यांच्या रांगा टीव्हीवर आल्या. मी मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाचे. आता तरी जाईल कीथकडे. छे! अवधूत काय म्हणाला? "आता गडबड करायची नाही. आधी नियम स्पष्ट होऊ देत." नियम! ज्यांनी नियम केले त्यांना ते अजून स्पष्ट नाहीत, तुला कुठून होणार?

पुढे ती साथ आली, सगळे घरात कोंडले गेले. आणि सुटले तेव्हा विमानं बंद, मग सगळ्या इंग्लंडला एकदम कॅरॅव्हॅन हवी! कीथचं आवार रिकामं, नुसतं गवत. अवधूत कुंपणापाशी उभा राहून म्हणतो, "बघ, घाईघाईत घेतात लोक."

तोवर ईशानी लीड्सला गेली, फिजिओथेरपी शिकली, तिथेच हॉस्पिटलात लागली. विचारायची बंद झाली होती कधीचीच. आणि ह्या वसंतात तिचा फोन आला. "आई, मला ऑकलंडला जॉब मिळाला. ऑगस्टमध्ये निघते." अर्ज कधी केला? "लास्ट मंथ." ठरवलं कधी? "एका संध्याकाळी." एका संध्याकाळी! माझ्या पोटची पोरगी! मला क्षणभर अभिमानच वाटला हो, रडू नंतर आलं.

आणि अवधूत? रात्रभर कूस बदलत होता. सकाळी म्हणाला, "जुलैमध्ये तिला आठवडाभर सुट्टी आहे. तिघं जाऊ. समुद्राला. आज कीथकडे जायचं." तुम्हाला सांगते, मी नवी साडी नेसायची तेवढी बाकी राहिली. बॅगेत नारळ घेतला! आपल्यात नव्या गाडीपुढे फोडतात ना, तसा. कीथने पांढऱ्या पट्ट्याची एक दाखवली, तीन माणसांना पुरेशी, खिडकीखाली लांब बाक. अवधूत म्हणाला, "ही." ऐकलंत? "ही," म्हणाला! जर्मनीचं नाव नाही! मी नारळ बाहेर काढला.

आणि कीथने सहज, अगदी सहज विचारलं, "लव्हली. अँड व्हॉट विल यू बी टोइंग इट विथ?" ही ओढणार कशाने?

अवधूतने आमच्या गाडीकडे बोट दाखवलं. हायब्रिड आहे, हौसेने घेतलेली. कीथने गाडी बघितली, नंबर घेतला, आत जाऊन काहीतरी पाहून आला आणि हळूच म्हणाला, "सॉरी, मेट." ह्या गाडीला मागे काहीही जोडायची परवानगी नाही. कॅरॅव्हॅन नाही, ट्रेलर नाही, ढकलगाडीसुद्धा नाही! इतकी वर्षं, हो, इतकी वर्षं दाराची बाजू बघितली, भिंतींची जाडी बघितली, दोन देशांचे कायदे वाचले, आणि गाड्यांच्या कारखान्यातल्या ह्या क्वालिटीवाल्याने स्वतःच्या गाडीला कधी विचारलं नाही, बाई गं, तुला ओढवेल का? मी तरी विचारलं? तुम्ही तरी विचारलं असतंत? मिहीरने विचारलं? मी नारळ परत बॅगेत घातला.

संध्याकाळी ईशानीला फोन लावला. अवधूत म्हणाला, "बेटा, ती कॅरॅव्हॅन... जुलैत जरा..." आणि ती म्हणाली, "बाबा, इट्स ओके. मी राहिलेली आहे कॅरॅव्हॅनमध्ये."

"कधी?"

"थर्ड इयरला. माझी फ्रेंड एमिली, तिच्या आईबाबांचा होता. व्हिटबीला, समुद्राच्या बाजूला. जुना होता खूप, छत गळत होता. एमिलीची आई रात्री उठून माझ्या बेडवर टॉवेल टाकायची." मग म्हणाली, "तुम्हाला नाही सांगितला. बाबांचा सरप्राइज खराब झाला असता."

मला राग आला. नुसतं वाईट नाही वाटलं, राग आला. त्या एमिलीच्या आईचा! तो टॉवेल मी टाकायला हवा होता हो. गळकं छप्पर चाललं असतं, उलटं दार चाललं असतं, लॉरीसमोर उतरले असते मी! अवधूत फोन ठेवून परसात गेला आणि नसलेलं गवत कापत बसला.

ऑगस्टमध्ये गेली ती. आता घरात कुणी पलीकडचं नाव काढत नाही, कारण आता पलीकडे म्हटलं की ऑकलंडच.

आणि आम्ही? हसू नका. आम्ही रविवारी कीथकडे जातो. त्या पट्ट्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये खिडकीखालच्या बाकावर बसतो. मी पोह्यांचा डबा नेते, अवधूत थर्मास. समोर आवाराचं कुंपण, त्यापलीकडे टायरचं दुकान. कीथ काही म्हणत नाही, फक्त बूट काढून चढा म्हणतो, ते आपल्याला सवयीचंच.

गेल्या रविवारी एक जोडपं आलं, बरोबर लहान मुलगी. त्यांनी दार उघडलं, आम्हाला पोहे खाताना बघून बिचारे गडबडले. "ओ सॉरी! इज दिस वन टेकन?"

अवधूत उठून उभा राहिला. "नो नो, प्लीज. वी आर स्टिल डिसाइडिंग."

त्यांनी आत डोकावलं, मुलीने बाकावर उडी मारली, बापाने बाहेरूनच कीथला अंगठा दाखवला. झाली खरेदी! आमचा चहा संपायच्या आत!

मग काय करणार... डब्याला झाकण लावलं, बूट हातात घेतले आणि शेजारच्या कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन बसलो.