कावेरीचा अर्ज

मंडळी, ऐका! आजच्या कीर्तनातल्या कथेआधी एक प्रश्न. वाटेत धोंडा पडलाय, आणि समोरून एक आंधळा येतोय. तुम्ही त्याचा हात धरून त्याला पलीकडे नेलंत — पुण्य! मान्य! पण तो धोंडाच उचलून बाजूला टाकलात तर? थोर काय — हात धरणं, की वाट मोकळी करणं? घाई नको! पेटीवाले काका, तुम्ही तर मुळीच नको, तुमचं उत्तर सुरात येतं आणि आम्हाला कळत नाही!

गडहिंग्लजकडच्या एका गावात भैरू लोहार. त्याची लेक कावेरी. जन्मापासून डोळ्यांत उजेड नाही, पण गळा? अहो, बापाच्या घणाच्या ठेक्यावर पोर गायला शिकली! पुढे संगीताची पदवी घेतली. एके दुपारी मैत्रिणीचा फोन आला — ‘कावे, शहरातल्या शाळेत गायन शिक्षिकेची जागा आहे. अर्ज फक्त संकेतस्थळावर. आज पाचपर्यंतच!’

तुम्ही म्हणाल, बुवा, दिसत नाही तर फोनवर अर्ज भरणार कशी? अहो, तिचा फोन बोलतो! पडद्यावर बोट फिरवावं, बोटाखाली लिहिलेलं तो वाचून दाखवतो. नाव भरलं, गाव भरलं, पदवी भरली. साडेचारला शेवटचं पान. फोन म्हणाला, ‘आपण माणूस आहात याची खात्री करा. सिग्नलचे दिवे असलेली चित्रं निवडा.’

बोट फिरवलं — ‘चित्र.’ पुढे सरकवलं — ‘चित्र.’ आणखी पुढे — ‘चित्र.’

कसलं चित्र? ते फोनलाही ठाऊक नाही!

बाप बाजाराला गेलेला, शेजारीपाजारी रानात. तिनं शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कचेरीत फोन लावला. तिथले कारकून म्हणाले, ‘अहो, घरातल्या कुणाला तरी सांगा की!’

‘घरात कुणी नाही, साहेब. आणि असतं तरी... उद्या वर्गात मी एकटीच उभी राहणार ना?’

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज. काठी घेऊन पोर रस्त्यावर धावली. एक बाई भेटली, तिनं फोन हातात घेतला — पाच वाजून चार मिनिटं! मुदत संपली.

संध्याकाळी भैरू आला. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, ‘जाऊ दे गं बाय. नशिबात नव्हतं.’

‘नशिबात होतं, बाबा. अर्जात नव्हतं!’

मंडळी, ती रडत बसली नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे या देशात! त्याचा आधार घेऊन तिनं त्याच फोनवर दिव्यांग आयुक्तांच्या कचेरीकडे तक्रार लिहिली. संस्थेला नोटीस गेली. संस्थेनं ती संकेतस्थळ बनवणाऱ्याकडे पाठवली. त्याचं नाव इरफान मोमीन. गडी संतापला! ‘माझ्या कामात खोट?’ मोटारसायकल काढली आणि थेट लोहाराच्या दारात!

भैरूनं आधी चहा दिला. इरफान म्हणाला, ‘ताई, कुठं अडतं ते दाखवा.’

तिनं फोन पुढे केला. ‘बघू नका, दादा. फक्त ऐका.’

‘चित्र... चित्र... चित्र...’

इरफाननं कप खाली ठेवला. ‘ताई, मी हे शंभर वेळा तपासलं होतं.’

‘कसं तपासलंत?’

त्यानं फोनच्या पडद्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, ‘...बघून.’

सुनावणीत संस्थेचे वकील सांगत होते, ‘आम्ही मदत घ्यायला सांगितलं होतं.’ तेवढ्यात इरफान उठला. ‘साहेब, चूक माझी आहे. दुरुस्तीला एक दुपार पुरेल.’ अधिकाऱ्यांनी तसा हुकूम दिला. पण जागा भरली गेली होती! दुसऱ्या एका मुलीची नेमणूक झाली होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘कावेरीताई, ती निवड रद्द करावी असं तुमचं म्हणणं आहे का?’

जागा हातची गेलेली, बरं का! तरी ती म्हणाली, ‘नको, साहेब. तिनं माझं काय वाईट केलं? तिचा घास काढून मला नको. पुढच्या वेळी मला माझा अर्ज भरता यावा, एवढंच.’

वर्षानं त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत जागा निघाली. कावेरी अर्ज भरायला बसली. समोर भैरू, हात मांडीखाली दाबून — मदतीला पुढे होतील या भीतीनं! चित्रांऐवजी फोनला वाचता येईल असा साधा प्रश्न आला, तिनं उत्तर लिहिलं. पाव तास झाला. फोन बोलला, ‘आपला अर्ज पोहोचला.’

भैरूच्या डोळ्यांना धार लागली. ‘एवढंच हुतं व्हय गं?’

एवढंच होतं, मंडळी! आज ती पोरांना गाणं शिकवते.

आता तुमच्याकडे वळतो. पुढे देवळाचे विश्वस्त बसलेत. उत्सवाच्या दर्शनपासासाठी तुम्ही फोनवर सोय केलीत, कौतुक आहे! पण ती तपासलीत कशी? इथं खांबाला टेकून सदूअण्णा बसतात. त्यांना दिसत नाही. दरसाल कुणीतरी त्यांचा हात धरून आत नेतो, आणि आपण धन्य होतो. उद्या सकाळी याच मंडपात फोन त्यांच्या हातात द्या. हात थरथरणाऱ्या काकूंना द्या, ऐकू न येणाऱ्या पाटलांना द्या. कुणी सांगायचं नाही, कुणी दाबायचं नाही. जिथं बोट अडेल, तिथं आपला धोंडा! तो आपणच उचलायचा.

अण्णा, येणार ना उद्या?... अण्णा हसले, मंडळी! म्हणा आता — पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!