ओटीपी गेला केनियाला

…आणि वर ती पोरगी फोनवर मलाच विचारते, "तुम्ही लंकाबाईच आहात हे कशावरून?" कशावरून म्हणजे? अहो, अख्खं मखमलाबाद मला ओळखतं, फुलबाजारात माझ्या आवाजावरून गिऱ्हाईक येतं, आणि हिला पुरावा पाहिजे! माझी गाठ, माझा रिपोर्ट, आणि मला सोडून सगळ्यांना…

थांबा, थांबा. मधूनच सांगायला लागले मी. पहिल्यापासून सांगते.

आमची निकिता केनियात आहे. जावई, शेखरराव, तिकडे गुलाबाच्या मोठ्या मळ्यावर मॅनेजर. पोरीचे दिवस भरत आलेले, तिला सासू नाही, तिथं आलं-गूळ घालून काढा द्यायला कोण आहे? मीच ना? मग तिकीट काढलं, पासपोर्ट झाला, आणि शेखरराव म्हणाले, "आई, पिवळ्या तापाची लस घ्यावी लागेल." म्हटलं, तिकडच्या सरकारला एवढी काळजी? तर म्हणाले, "तिकडच्या नाही, आपल्याच. परत येताना लस घेतल्याचं पिवळं पुस्तक नसलं तर विमानतळावरच अडवतात, वेगळं नेऊन ठेवतात." म्हणजे बघा, परक्याच्या दारात जाताना कोणी हटकणार नाही, आणि स्वतःच्या घरात शिरताना कोंडून ठेवणार! मी म्हटलं, हा कुठला कायदा? मला फक्त माझ्या लेकीचं बाळंतपण करायचंय!

माझ्याकडे बटणाचा फोन. म्हणून शेखररावांनी तिकडूनच सगळं केलं. मोबाईलवर माझं आरोग्य खातं उघडलं, माझा फोटो, माझा रक्तगट, आणि नंबर टाकला त्यांचा. म्हणाले, "आई, तुम्हाला काहीच त्रास नको." जावई लाखात एक हो, पण हा त्रास नको म्हणणारा माणूस फार त्रास देतो, तुम्हाला सांगते!

आता एक गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. थोड्या दिवसांपूर्वी छातीत गाठ लागली हाताला. आंघोळ करताना. मी जाऊबाईंना, गोजराबाईंना घेतलं आणि गुपचूप दवाखान्यात गेले. सुई घालून तुकडा काढला, तपासायला लॅबमध्ये दिला. निकिताच्या पप्पांना सांगितलं नाही, ते जेवण सोडतील. निकिताला तर नाहीच नाही, ती पोट धरून विमानात बसेल. लॅबमधल्या पोरीने विचारलं, "मावशी, आरोग्य खातं आहे का? जोडून टाकते." मला वाटलं, बँकेसारखं काहीतरी असेल. म्हटलं, जोड बाई.

तर मी आणि निकिताचे पप्पा लसीच्या सेंटरला गेलो. रांगेत सगळी आफ्रिकेला जाणारी मंडळी. माझ्या मागे अंबडच्या कारखान्यातला ललित म्हणून एक इंजिनिअर. काउंटरवर डॉक्टरीणबाई. त्यांनी विचारलं, काही आजार? मी म्हटलं, काही नाही, ठणठणीत. त्यांनी माझं आरोग्य खातं उघडून स्क्रीनकडे बघितलं. परत माझ्याकडे बघितलं. आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मग ही छातीच्या गाठीची तपासणी कोणाची?"

अहो… पायाखालून जमीन सरकली माझ्या. रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे. आमचे हे माझी पिशवी धरून उभे होते, ती पिशवीच खाली टेकवली त्यांनी.  नुसतं बघत राहिले. एकदा ओरडले असते ना, तर बरं वाटलं असतं मला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, ही जिवंत जंतूंची लस आहे. इथे नुसती नोंद दिसतेय, रिपोर्ट नाही. गाठ कसली ते कळल्याशिवाय मी देणार नाही. उद्या तुम्हाला गाठीची कडक औषधं सुरू झाली तर ही लस अंगावर येईल." म्हटलं, बाई, निघायच्या दहा दिवस आधी घ्यावी लागते ना? आज नाही मिळाली तर तिकीट जाईल, पोर तिकडे एकटी पडेल! "नियम आंतरराष्ट्रीय आहे मावशी, माझ्या हातात नाही." अहो, तुमचा नियम असू दे जगाचा, मला फक्त माझ्या लेकीचं बाळंतपण करायचंय!

मग लावला लॅबला फोन. तिथली ती पोरगी. "रिपोर्ट तयार आहे, पण फोनवर सांगता येत नाही. पेशंटची माहिती गोपनीय असते." अगं, मीच पेशंट आहे! "ते तुम्ही म्हणताय. नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा." गोपनीय! इथे अख्ख्या रांगेला माझी गाठ माहीत झाली, तेव्हा कुठे होती ही गोपनीयता? आणि ओटीपी गेला कुठे? केनियाला!

निकिताच्या पप्पांनी केनियाला फोन लावला. नंबर दोनदा चुकला. ललितने फोन घेतला, लावला, स्पीकरवर टाकला. मी मनात म्हणतेय, शेखररावच उचलू देत, शेखररावच… आणि आवाज आला, "हॅलो?" निकिता!

"शेखर फोन घरीच विसरून मळ्यावर गेलाय. आई, हा ओटीपी कसला? आणि… आई, इथे तुझा रिपोर्ट आलाय. गाठ कसली गं?"

काय सांगू? म्हटलं, काही नाही बाळा, तू फक्त आकडा सांग. ती रडायला लागली. "आकडा नाही सांगणार! आधी खरं सांग!" मी म्हटलं, मलाच खरं माहीत नाही गं! तूच वाच! आणि माझी दिवस भरत आलेली पोर, तिकडे परदेशात, हुंदके देत इंग्रजी वाचायला लागली. इथे सगळी रांग पुढे सरकली. ऐकायला! डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या. लांब लांब शब्द… एकही कळेना… आमच्या ह्यांनी माझा दंड धरला, इतका घट्ट की वळ उठला… आणि निकिता एका शब्दावर अडली. "बे… बेनिग्न…"

"बिनाइन!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "साधी आहे! चरबीची गाठ आहे मावशी, साधी!"

ललितने टाळ्या वाजवल्या. कोणीतरी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. निकिता तिकडे रडतेय की हसतेय, कळेना. आणि आमचे हे मान खाली घालून एवढंच म्हणाले, "लंका, मी जेवण सोडलं असतं. पण तुझ्यासोबत आलो असतो."

मी खाली टेकवलेली पिशवी उचलून परत त्यांच्या हातात दिली.

लस घेतली. पिवळं पुस्तक घेतलं. केनियाला पोचले, वेळेत पोचले. मुलगी झाली हो! गोरीगोमटी, नाक आमच्याकडचं. ह्यांना फोन लावला. ह्यांनी विचारलं, "नाव काय ठेवलं?" म्हटलं, नावाला वेळ आहे हो, बारसं व्हायचंय अजून. पण तासाभराची होती तेव्हाच दवाखान्यातून पोरीच्या आरोग्य खात्याचा नंबर आलाय… घ्या लिहून.