लख्ख उन्हात करंट नव्हता

नाव लिहून घ्या, ह्यांचं नाव गोविंदराव. पंचेचाळीस वर्षं मी नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नाही, आज घेते, कारण अन्याय झाला तो त्यांच्यावर, आणि वेळही लिहा, गेल्या कार्तिकातलं वादळ ओसरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाला, आभाळ धुतल्यासारखं निळं आणि ऊन असं की डोळे दिपावेत.

मी तंजावरची. आमची मराठी ऐकून तुम्ही पुण्याची पेपरवाली मुलं हसता, हसा. चेन्नईत मैलापूरला गाण्याच्या सभेत तीस वर्षं तिकीटखिडकीवर बसले, गाणं आत आणि मी बाहेर. हे शाळेत मास्तर. दोघांच्या पगारात तांबरमला दोन खोल्या झाल्या आणि वर मोट्टमाडी, म्हणजे गच्ची हो. खडूने की कशाने देव जाणे, ह्यांची फुप्फुसं गेली, डॉक्टर म्हणाले घरात ऑक्सिजनचं यंत्र ठेवा, सतत चालू. ते चालतं करंटवर. वीज गेली की लोकांचा पंखा थांबतो, आमच्याकडे माणूस थांबतो.

तर त्या वादळाच्या आदल्या वर्षी मार्गळीत, म्हणजे डिसेंबरात, निखिल म्हणून मुलगा आला, साताऱ्याचा, सौर पॅनेलं विकणाऱ्या कंपनीतला. दारात उभा राहून मराठीत आजी म्हणाला आणि झालं, मी विरघळले. तांबरमला माझ्या दारात येऊन मराठी कोण बोलतं, सांगा! तमिळ मुलगा असता तर दहा प्रश्न विचारले असते, ह्याला मी कॉफी विचारली. तो म्हणाला, आजी, सरकार अनुदान देतंय, घेऊन टाका, सूर्य आहे तोवर घरात वीज. हे म्हणाले, सूर्य काय संपावर जातोय. हसलो सगळे.

पॅनेलं बसली आणि लगेच भोगी आली. भोगीला आमच्याकडे जुनं ते घराबाहेर काढतात. जिन्याखाली जुना इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी होती, दोन तास यंत्र ओढायची बिचारी. म्हटलं आता हिला कशाला ठेवायची. निखिलला फोन केला, काढू का रे? तो म्हणाला, तुमची मर्जी आजी. लिहा हे. तुमची मर्जी. भंगारवाला घेऊन गेला, ती जागा मी पुसली आणि तिथे कोलम काढला, रांगोळी हो.

मधल्या महिन्यांत करंट गेला तो रात्रीच, थोडा वेळ, ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरवर भागलं. मग ते वादळ. करंट गेला, जवळचा छोटा सिलिंडर सकाळपर्यंत पुरला आणि ऊन आलं, म्हटलं सुटलो, यंत्राचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. गच्चीवर धावले, पॅनेलं चकाकतायत, खाली आले, यंत्र गप्प, पुन्हा वर गेले आणि वेड्यासारखी पदराने पॅनेलं पुसत बसले. अय्यो, काय सांगू तुम्हाला, सूर्य डोक्यावर आणि खाली ह्यांचे ओठ निळे. शेजारचा सेल्वम वायरमन आला, म्हणाला, अम्मा, रस्त्यावरची लाइन मेली की ही पॅनेलं आपोआप बंद होतात, नाहीतर तारेवर काम करणारा मरेल, घराला वीज हवी तर बॅटरी लागते, कोणी सांगितलं नाही? कोणी सांगितलं नाही. त्यानेच ऑटो आणली, गुडघाभर पाण्यातून नेलं ह्यांना.

वाचले. निखिल सफरचंदं घेऊन आला, मान खाली. म्हणाला, आजी, तुम्ही विचारलंच नाही, आणि बॅटरी अनुदानात बसत नाही, किंमत ऐकून तुम्ही दार लावलं असतं. सरकारी कचेरीत गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, अम्मा, आम्ही पॅनेलला देतो, बॅटरी ही तुमची आणि बाजाराची गोष्ट. माझा भाचा आयटीत आहे, तो म्हणतो, आत्या, म्हणूनच अनुदानं बंद करा, बाजार आपोआप चांगला माल आणेल. म्हटलं, बाजार आला होता की रे, ह्याच खुर्चीत बसून कॉफी प्यायला! बॅटरी स्वस्त होईपर्यंत ह्यांनी श्वास रोखून बसायचं का? सरकारने पैसा घालावाच, पण किती गच्च्या झाल्या ते मोजून नको, खाली कोण झोपलंय ते विचारून घालावा.

आता बॅटरी आहे, बिनअनुदानाची. तरी पंखा जरा मंदावला की हे खुर्चीचा हात घट्ट धरतात, मास्तर माणूस, कधी कुणाला घाबरला नाही. निखिलचं भलं होवो, त्यालाही घरी आजी असेल.

पण तुम्ही, वाचणारे, तुमच्या गच्चीवर पॅनेलं आहेत ना? भर दुपारी घरातली मुख्य कळ, मेन स्विच हो, पाडा. पंखा थांबला तर विकणाऱ्याला जाब विचारा आणि घरात आजारी माणूस असेल तर बॅटरीला अनुदान द्या म्हणून सरकारला आजच पत्र लिहा. सरकार की बाजार, तो वाद मग घालू. आधी उठा आणि कळ पाडा.