सातव्या मजल्याचा क्यूब

जन्म माझा गोराईचा. बाप कोळी, आजा कोळी, घरची होडी, आणि मी होडीत पाय ठेवला की ओकायचो. हसू नका, खरं सांगतो. बाप बोलला, हा समुद्राचा नाय, याला जमिनीवरच ठेवा. चौथीपर्यंत शाळा झाली, मग मामानं बांधकामावर नेलं, फळ्या उचलल्या, सळ्या बांधल्या, पुढं मुकादम झालो. उभी हयात दुसऱ्यांची घरं बांधली आणि आपण आपले विक्रोळीला चाळीत, एका खोलीत.

बायको सुमन, तीपण माझ्याच साइटवर, पाणी मारायला. काय सांगू तुम्हाला, नवं काँक्रीट म्हंजे तान्हं पोर, त्याला रोज पाणी लागतं, नायतर आतून कच्चं राहतं. हातात पाइप घेऊन सकाळ-दुपार-संध्याकाळ फिरायची, एक कोपरा सुका सोडायची नाय. मी बोलायचो, अगं कोण बघतंय. बोलायची, भिंत बघते.

मुलुंडला काम लागलं. जुनी चाळ पाडून टॉवर, त्याच चाळकऱ्यांना वर घरं मिळणार होती. प्रोजेक्ट मॅनेजर एक बाई, वैद्य मॅडम, तिशीची असेल. आधी सगळे हसले, मी पण हसलो, लपवत नाय. पण ही बाई पट्टी घेऊन स्वतः वर चढायची. एकदा माझ्या हातानं बांधलेल्या सळ्या सोडायला लावल्या, दोन बोटं अंतर जास्त म्हणून. मी मनातल्या मनात शिव्या दिल्या. सुमनला मात्र आवडायची. डबा खाताना बोलायची, ही बाय माझ्यासारखी हाय, सुकं सोडत नाय.

आता क्यूब म्हंजे काय ते सांगतो, नायतर पुढचं कळायचं नाय. कॉलम भरताना त्यातलाच थोडा माल लोखंडी साच्यात भरायचा. वीतभर ठोकळा होतो. ओला असतानाच खिळ्यानं त्यावर तारीख अन् मजला कोरायचा, मग पाण्याच्या टाकीत ठेवायचा, आणि पुढं मशीनखाली फोडून बघायचं, किती दाब सोसतो. क्यूब पास तर बिल्डिंग पास.

सातव्या मजल्याचे कॉलम भरायचे होते आणि मॅडम त्या दिवशी पालिकेत गेलेल्या. मालाची गाडी रस्त्यात अडकून उशिरा आली, माल आवळायला लागलेला. ड्रायव्हरनं आत पाण्याचा पाइप सोडून पातळ केला. पाणी मारायचं ते भरल्यावर, आधी नाय, हे शेंबडं पोरगं सांगेल. मी बोललो, गाडी परत पाठवा. बिल्डर शेटचा भाचा साइटवर असायचा, तो बोलला, मुकादम, तू भर. मी भरला. क्यूब पण त्याच मालाचे केले, कोरले. दुसऱ्या दिवशी साचे खोलले तेव्हा भाच्याला समजलं, हे फेल जाणार. बोलला, फेक हे, जास्त सिमेंट घालून दुसरे कर, तारीख कालचीच टाक. केले. पहिले राड्यात, तुटक्या विटा-मालाच्या ढिगात टाकले.

आठवड्यानं रिझल्ट आला, झकास. मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. भाचा खुर्चीत बसलेला, सुमन दाराशी पाइप गुंडाळत होती. मॅडम बोलल्या, काका, एवढा चांगला रिझल्ट आपल्याकडं कधी आलेला नाही. हे क्यूब कॉलमच्या मालाचेच ना? तुम्ही नाही म्हणा, मी आत्ता काम थांबवते.

मी बोललो, हो मॅडम, त्याच मालाचे.

का बोललो? घाबरलो. दुसरं कारण नाय. माझ्या हाताखाली माणसं होती, त्यांची रोजी गेली असती वगैरे मी पुढं लोकांना सांगत राहिलो, पण ते सगळं नंतर जुळवलेलं.

मॅडमनी रिझल्टवर सही केली नाय. शेटनं समजावलं, मग दमात घेतलं, तरी नाय. आठ दिवसांत त्या काम सोडून गेल्या, नवा साहेब आला, त्यानं सही केली, आठवा मजला चढला. घरी सुमन एवढंच बोलली, मॅडमनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडं का नाय बघितलं? परत तिनं तो विषय कधी काढला नाय.

गेल्या वर्षी ती गेली. चार दिवसांचा ताप, खलास. तेरावं झालं, पोरी आपापल्या घरी गेल्या, मला सुकटीची आठवण आली. सुकटीच्या डब्यावर मांजर झाकण उडवू नये म्हणून ती एक क्यूब ठेवायची. आमच्या धंद्यात घरात क्यूब असणं नवीन नाय, पण ते फुटके असतात, मशीनमधून आलेले. हा अख्खा, चारी कडा धारदार. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होता. उचलला, पालथा केला. खाली तारीख, आणि माझ्या हातचा वाकडा सात.

राड्यातून तिनं उचलला होता. पिशवीत घालून घरी आणला आणि तोंड खाली करून ठेवला. मला एक शब्द नाय.

तेव्हापासून भर दुपारी पॅसेजमध्ये पाइपचा आवाज येतो. सुर्र, सुर्र, ती मारायची तसा. उठून बघतो तर लादी कोरडी.

एका जुन्या सुपरवायझरकडून मॅडमचा पत्ता काढला. साकीनाक्याला वर्कशॉपच्या वर एवढंसं ऑफिस. क्यूब टेबलावर ठेवला, सगळं ओकलो. त्यांनी सातावरनं बोट फिरवलं. मग बोलल्या, काका, इतक्या वर्षांनी मशीन याचं काही सांगणार नाही. तुम्हालाच सांगावं लागेल, तिथं राहणाऱ्यांना. आणि मी पण येते. मी शेटला लिहून दिलं आणि निघून गेले, त्या लोकांच्या दारात गेले नाही. अर्धंच केलं मी.

रविवारी त्या टॉवरच्या सोसायटीची मीटिंग होती. मी उभा राहून बोललो. सातव्या मजल्यावरची एक म्हातारी, माझ्याच वयाची, हळूच बोलली, आमची नातवंडं तिथं रांगली हो, तुम्ही कुठं होता? एक जण अंगावर आला, मॅडम मधे उभ्या राहिल्या. नंतर मशीननं कॉलम कोरून बघितले. दोन कच्चे निघाले. आता मजल्यावरची माणसं हलवलीत, खाली लोखंडी टेकू लावलेत, कॉलमला भोवतीनं नव्या सळ्या आणि नवा माल चढवलाय. मॅडम स्वतः उभ्या असतात. देव त्या बाईला उदंड आयुष्य देवो.

मी बोललो, मला पाणी मारायला ठेवा, फुकट मारतो. सोसायटी आत घेत नाय, बरोबरच आहे. रोज गेटवर जातो, वॉचमनला विचारतो, मारलं का पाणी? बोलतो, मारलं, काका. मला खरं वाटत नाय. हो बोलणारा माणूस कसा असतो ते मला ठाऊक आहे ना.

मग घरी येतो. क्यूब आता दाराशी ठेवलाय, सात वर करून. तीन टायमाला त्यावर तांब्याभर पाणी ओततो. त्याला आता पाण्याचा उपयोग नाय, हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. शेजारीण विचारत होती, काका, कुठला देव आणला? मी बोललो, देव नाय गं, सुमनचं काम राहिलंय.